खुर्ची क्रमांक दोन

मान खाली घाल. अजून. हां.
एका डोक्याला मला दीड मिनिट मिळतं
आणि बाहेर खडकीच्या उन्हात तुझ्यासारखी साठ पोरं उभी आहेत,
तेव्हा सांगतो ते एकदाच ऐक.

आरसा शोधू नको.
होता, फुटला, नव्याचं मागणीपत्र सात वर्षं फिरतंय.
बरंच आहे. पहिल्या दिवशी कुणी स्वतःला बघू नये.

नाव? बिरुदेव. गाव झरे, आटपाडीकडचं.
म्हणजे मेंढरांमागे चालला असशील.
पायांची काळजी नाही मग, काळजी बुटांची.
नवा बूट पायाला ओळखत नाही,
त्याला रात्री ओलं फडकं खायला घाल,
मोज्याच्या टाचेला साबण घास.
फोड आला तर लपवू नको,
लपवलेला फोड तिसऱ्या आठवड्यात दवाखान्यात जाऊन बोलतो.

पहिला येऊ नको.
पहिल्याचं नाव उस्तादांना पाठ होतं,
शेवटच्याचं त्यांच्या स्वप्नात येतं.
'ड्रायव्हिंग कुणाकुणाला येतं?' असं गोड आवाजात विचारतील,
हात खाली ठेव.
बाहेर विटांनी भरलेली हातगाडी उभी असते.

ताटात येईल ते खा, चव नंतर आठवत बस.
बिछान्याला सुरकुती नको म्हणून पोरं जमिनीवर झोपतात, तूही झोपशील.
तुमच्याकडचं जेन इथे चालत नाही,
काळं ब्लँकेट मिळेल, ते टोचतं,
तेवढीच घरची ओळख.
आणि शिवी आईवरून येईल. येऊ दे.
ती झऱ्यापर्यंत पोचत नाही,
होळकर पुलावरच विरते.

हलू नको, कान जाईल.

गेल्या थंडीत याच खुर्चीत जालिंदर नावाचा पोरगा होता.
त्यालाही हेच सगळं सांगितलं होतं, बुटासकट.
अकराव्या रात्री स्टेशनच्या बाकावर दिसला.
पायात बूट, एक नाडी सुटलेली.
म्हणाला, दादा, अंगाचं काही नाही,
पण अकरा दिवसांत मला कुणी नावाने हाक मारली नाही.
मी चौतीस आहे. चौतीस पळ, चौतीस लोळ, चौतीस हसतोस का.
मला काही सुचेना. दोन चहा घेतले.
जालिंदर, म्हटलं, चहा निवतोय.
एवढंच बोललो मी चार तासांत.
पहाटे तो उठला.
गेटाकडे गेला की फलाटाकडे, मी पाहिलं नाही.
मुद्दामच पाहिलं नाही.

आता खरं सांगतो, मशीन कानाजवळ आहे तोवर, कुणाला ऐकू जात नाही.
मी एक दिवसही आत काढलेला नाही.
अठराव्या वर्षी भरतीला आलो होतो,
छाती एक सेंटीमीटर कमी भरली,
टेप धरणाऱ्याने दोनदा मोजली, बिचाऱ्याने, तिसऱ्यांदाही.
मग बाहेरच्या बाहेर हे दुकान.
माझी सगळी विद्या अशी डोक्याडोक्यांतून गोळा केलेली,
पडलेल्या केसांबरोबर झाडून ठेवलेली.

फक्त एक गोष्ट माझी स्वतःची, ती बाकावरची.
रात्री दिवे गेले की
शेजारच्या खाटेवरच्याला नावाने हाक मार.
काम असो नसो.
तो बेळगावचा असो की बाडमेरचा,
त्याची आई जसं म्हणत असेल तसं म्हणून बघ,
चुकलं तर तो दुरुस्त करेल,
आणि दुरुस्त करता करता बोलायला लागेल.

झालं. ऊठ.
उजव्या कानामागे जुनी खोक आहे तुझ्या,
केसांखाली इतकी वर्षं कुणाला दिसली नसेल.
एडक्याने मारलं होतं का?
नाही, मला नको सांगू, वेळ नाही.
आज रात्री त्याला सांग.

पुढचा!
बस. मान खाली.
नंबर नको रे,
नाव.